एकवीस किलोमीटर

मॅरेथॉन हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मॅरेथॉनची शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची असते. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्पर्धक एवढे अंतर धावले आणि १९२१ साली जगभरासाठी तेच अंतर ठरवण्यात आले. त्याच्या निम्मे अंतर म्हणजे अर्धमॅरेथॉन. ती २१ किलोमीटरांहून थोडी जास्त असते. आम्हां मुंबईकरांना अंतर स्टेशनांच्या हिशेबाने चटकन कळते. चर्चगेटहून निघून जवळजवळ अंधेरीपर्यंत जावे, एवढे हे अंतर आहे. धिम्या लोकलने तेवढे जायला पाऊण तास तरी लागतो.

१९ जानेवारी २०२५ रोजी मी हे अंतर माझ्या पायांनी पार केले. तेव्हा माझे वय ३४ वर्षांचे होते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. शाळेत असताना सातवीच्या क्रीडादिनात मी शेवटची धावले होते. त्यानंतर कधी धावले असेन तर ती फक्त सुटणारी बस पकडायला. मग एकदम एवढे अंतर धावण्याचे मनात का आले, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण माझ्या घरात होते.

माझ्या अम्मींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मधुमेह फार वर्षे राहिला आणि रक्तातील साखर वाढलेली राहिली, तर पायांच्या नसा दुबळ्या होतात. काही टोचले, भाजले, तरी समजत नाही. एकदा अम्मींच्या चपलेत बारीक खडा अडकला. त्यांना तो कळलाच नाही. जखम झाली, ती चिघळली आणि अखेर त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. तेव्हापासून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्यांची विचारपूस करणे हेच त्यांचे फिरणे झाले आहे.

मे २०२४ मध्ये डॉक्टरांनी माझीही तपासणी करायला सांगितली. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल, तर मुलांनाही तो होण्याचा संभव अधिक असतो. रक्ताची एक तपासणी अशी असते, की तीवरून मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर कळते. तिचा आकडा ५.७ पेक्षा कमी असावा लागतो. ६.५ किंवा त्याहून जास्त आला, तर मधुमेह झाला असे मानतात. माझा आकडा ६.३ आला.

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही काठावर उभ्या आहात. इथून मागे फिरता येते. रोज अर्धा तास भरभर चालायला लागा.”

चालण्याने काय होते, हेही त्यांनी समजावून सांगितले. आपले स्नायू काम करू लागले, की ते रक्तातील साखर ओढून घेतात आणि इंधनासारखी वापरतात. बसून राहिलेल्या माणसाची साखर रक्तातच फिरत राहते. गोष्ट साधी होती. मी दुसऱ्या दिवसापासून चालू लागले.

महिनाभर चालले. मग पावसाळा आला. एक दिवस पावसाने चुकला, एक दिवस पेपर तपासण्यात गेला, एक दिवस पाहुणे आले. आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी हे पाहिले. ते स्वतः अर्धमॅरेथॉन धावलेले होते. ते म्हणाले, “मॅडम, परीक्षेची तारीख नसेल, तर आपली मुले अभ्यास करतात का? तुम्हीही एक तारीख ठरवा.” त्यांनी मला मुंबई मॅरेथॉनबद्दल सांगितले. ही शर्यत २००४ पासून होते. जानेवारीतल्या एका रविवारी हजारो माणसे मुंबईच्या रस्त्यांवर धावतात. त्यात अर्धमॅरेथॉनही असते. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून परवानगी दिली आणि मी तारीख ठरवली.

१ जुलै २०२४, सोमवार. शर्यतीला २९ आठवडे होते. आमची शाळा दुपारची असते. फज्रची नमाज झाल्यावर मी घराबाहेर पडले. आम्ही कुर्ल्याला राहतो. आमच्या गल्लीत दोन माणसे शेजारी शेजारी चालणेही अवघड आहे. पण मिठी नदी ओलांडली, की वांद्रे-कुर्ला संकुलाचे रुंद रस्ते लागतात. दिवसा तिथे मोटारींची गर्दी असते, पहाटे मात्र रस्ते मोकळे असतात. सरांनी मला पहिल्या आठवड्याचा धडा लिहून दिला होता : एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे दहा वेळा. आठवड्यातून तीनच दिवस.

एक मिनिट किती मोठे असते, ते त्या दिवशी मला कळले. चौथ्या खेपेला माझा श्वास भात्यासारखा चालू लागला. दहावी खेप पुरी झाली, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी राहिले. सगळे मिळून मी दहा मिनिटे धावले होते.

सरांचा एकच नियम होता. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग कमी करायचा. मी एकटीच धावत असे, तेव्हा बोलणार कोणाशी? म्हणून मी सतराचा पाढा म्हणत असे. सतरा साते एकशे एकोणीस, इथे श्वास तुटला, की पावले आणखी हळू टाकायची. कित्येकदा चालणारी माणसेही मला मागे टाकून पुढे जात.

इतके हळू धावून काय मिळते? पुष्कळ मिळते. हळू आणि रोजच्या रोज धावले, की हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलायला शिकते. स्नायूंमध्ये केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. हे काम काही आठवड्यांत सुरू होते. पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर यांना बळकट व्हायला कितीतरी महिने लागतात. दम वाढला म्हणून माणूस जोरात धावू लागला, तर दम टिकतो आणि पाय दुखावतात. म्हणून शरीरातील जो भाग सर्वांत हळू शिकतो, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचे असते. वर्गातही चांगला शिक्षक असेच करतो.

आणि मला तर हे नवीन नव्हते. माझी मातृभाषा उर्दू. आपण उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतो, मराठी डावीकडून उजवीकडे. तिसरीत असताना मी मराठीचे पुस्तक हातात घेतले, की माझी नजर आपोआप ओळीच्या उलट्या टोकाला जायची. मग एक शब्द, मग दोन शब्द, मग एक वाक्य. रोज थोडे मोठ्याने वाचायचे. एके दिवशी परिच्छेद संपला आणि मी कुठेच अडखळले नव्हते. कोणत्या दिवशी मला मराठी वाचता येऊ लागले, ते सांगता येणार नाही. धावण्याचेही तसेच झाले. एक मिनिटाची दोन मिनिटे झाली, दोनाची पाच झाली आणि सप्टेंबरच्या एका सकाळी मी न थांबता ५ किलोमीटर धावले.

पावसाळ्यात बूट रोज भिजत. रात्री त्यांत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे भरून ठेवले, की सकाळपर्यंत ते पुष्कळसे सुकत. सुती कुर्ता पावसाने आणि घामाने जड होई, म्हणून मी चटकन वाळणाऱ्या कापडाचा सैल, पूर्ण बाह्यांचा कुर्ता शिवून घेतला. डोक्याला पातळ कापडाचा रुमाल घट्ट बांधत असे. रस्त्यात पाणी साचले, की आमच्या इमारतीचे पाच मजले चढउतार करीत असे.

शेजारच्या खालाजानना हे सगळे नवलाचे वाटे. एके सकाळी मी परत येत असताना त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “बेटी, रोज सकाळी उठून कशापासून पळतेस?”

मी काही बोलण्याआधीच वरच्या खिडकीतून अम्मींचा आवाज आला, “माझ्या दुखण्यापासून पळते आहे ती. पळू द्या तिला!”

त्या दिवसापासून कोणी काही विचारले नाही. उलट खालाजान माझ्यासाठी लिंबू, मीठ आणि साखर घातलेल्या पाण्याची बाटली भरून ठेवू लागल्या. ती साखर डॉक्टरांना चालेल का, असे मी डॉक्टरांना विचारून घेतले. लांब धावण्याच्या दिवशी चालेल, असे ते म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये त्या पाण्याची फार गरज पडली. मुंबईची हवा दमट असते. घाम वाळला, तरच शरीराची उष्णता कमी होते. हवेतच पाण्याची वाफ भरलेली असेल, तर घाम नुसता वाहतो, वाळत नाही आणि अंग तापत जाते. म्हणून आता मी सूर्योदयाआधीच धावणे संपवू लागले. दर रविवारी लांब पल्ला असे. कुर्ल्याहून निघून शीवमार्गे माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनपर्यंत जायचे, तिथल्या झाडांखालून फेऱ्या मारायच्या आणि परत यायचे. दिवाळीच्या आधी मी १० किलोमीटर पूर्ण केले. माझा भाऊ मोटारसायकलवरून मागे मागे येई. त्याला झोप फार प्रिय, तरी तो येई.

नोव्हेंबरमध्ये माझी डावी नडगी दुखू लागली. आधी फक्त धावताना दुखे, मग जिना उतरतानाही दुखू लागली. डॉक्टरांनी पाय तपासला आणि दहा दिवस धावणे बंद ठेवायला सांगितले. मला रडू आले. चार महिन्यांची मेहनत वाया जाणार, असे वाटले. शर्यतीचे पैसे भरलेले होते. शाळेत सर्वांना ठाऊक होते. थोडा दाब देऊन, पट्टी बांधून धावावे, असा विचार मनात घोळत होता.

रात्री अम्मींनी मला जवळ बसवून माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. त्यांनी नडगीवर बोट ठेवले आणि विचारले, “इथे दुखते?”

“हो, अम्मी. फार दुखते.”

“मग बरे आहे,” त्या म्हणाल्या. “दुखते म्हणजे पाय तुझ्याशी बोलतो आहे. माझा पाय बोलला नाही, म्हणून तर गेला. त्याचे ऐक. दहा दिवस बस माझ्याजवळ.”

मी दहा दिवस बसले. त्यांच्या शेजारी बसून खिडकीतून रस्ता पाहिला. त्यांच्या पायाला रोज तेल लावले, तळवे पाहिले, कुठे ओरखडा नाही ना याची खात्री केली. मधुमेह असलेल्या माणसाचे पाय रोज असे पाहायला हवेत. ज्याला स्वतःला वाकून पाहता येत नाही, त्याच्यासाठी घरातल्या कोणीतरी पाहायला हवेत. अकराव्या दिवशी मी पुन्हा एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे येथून सुरुवात केली. पण या वेळी तीन आठवड्यांत मी १३ किलोमीटरांवर पोहोचले. शरीर एकदा शिकलेले इतक्या लवकर विसरत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी १८ किलोमीटर धावले. त्यानंतर सरांनी धावणे हळूहळू कमी करायला लावले. शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत शरीराला विश्रांती मिळाली, की साठलेला थकवा उतरतो आणि ताकद वर येते.

या काळात वर्गातही एक गोष्ट घडली. आमच्या शाळेत खेळाच्या तासाला मुलगे धावत आणि बऱ्याच मुली भिंतीला टेकून दप्तरे सांभाळत बसत. एक दिवस आठवीतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, मॅरेथॉन मुलींसाठी असते का?”

प्रश्न चांगला होता. मी त्यांना सांगितले, की १८९६ साली ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन सुरू झाली, पण तिच्यात स्त्रियांची शर्यत यायला १९८४ साल उजाडले. एवढे अंतर स्त्रियांना झेपणार नाही, असे तोवर पुष्कळ लोक मानत. १९६७ साली अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर नावाच्या तरुणीने नाव नोंदवताना फक्त आद्याक्षरे आणि आडनाव लिहिले. ती धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला पकडून तिचा क्रमांक फाडण्याचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. तिने शर्यत पूर्ण केली. पाच वर्षांनी, १९७२ साली, त्या शर्यतीत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला.

मग मी त्यांना आपल्या महाराष्ट्रातील ललिता बाबर यांच्याविषयी सांगितले. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. त्या तालुक्यातील मोही गावची ही मुलगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती तीन वेळा पहिली आली. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून तिने दहावा क्रमांक मिळवला. मुली शांतपणे ऐकत होत्या. तास संपल्यावर तीच मुलगी म्हणाली, “टीचर, तुम्ही पूर्ण केलीत, तर आम्हीही धावू.”

आता माझ्या २१ किलोमीटरांवर माझ्या साखरेखेरीज आणखी काही अवलंबून होते.

शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेतीन वाजता भावाने मला मोटारसायकलवर बसवले. अर्धमॅरेथॉन माहीमहून पहाटे पाच वाजता सुटते. अंधारात हजारो माणसे उभी होती. कोणी साठीचे होते, कोणी विशीतले. गर्दी इतकी, की माझी पाळी येऊन मी धावू लागले, तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती.

थोड्या वेळाने वांद्रे-वरळी सागरी सेतू आला. २००९ साली हा पूल सुरू झाला. एरवी त्याच्यावर पायी जायला बंदी असते. त्या पहाटे त्याच्यावर मोटारी नव्हत्या. दोन्ही बाजूंना काळे पाणी, वर दिव्यांची ओळ आणि हजारो बुटांचा एकसारखा आवाज. पुष्कळ लोक माझ्यापुढे निघून गेले. मी सतराचा पाढा म्हणत राहिले.

वरळी, हाजीअली मागे पडले. पेडर रोडचा चढ आला, तेव्हा उजाडले होते. त्या रस्त्यावरची माणसे सकाळी लवकर उठून, टेबले मांडून उभी होती. कोणी संत्र्याच्या फोडी देत होते, कोणी बिस्किटे, कोणी चिमूटभर मीठ. एक आजोबा प्रत्येकाला नुसते “शाबास, शाबास” म्हणत होते. चढावर मी ठरल्याप्रमाणे एक मिनिट धावले, एक मिनिट चालले. असे करीत माथा गाठला.

१८ किलोमीटरांची पाटी मरीन ड्राइव्हवर दिसली. त्यापुढे मी आयुष्यात कधी धावले नव्हते. पाय शिशासारखे जड झाले होते. शरीरात साठवलेली साखर बराच वेळ धावल्यावर संपत येते आणि मग प्रत्येक पाऊल मागून घ्यावे लागते. मी नडगीकडे लक्ष दिले. ती काही बोलत नव्हती. थकवा होता, दुखणे नव्हते. या दोघांतला फरक मला आता कळत होता. मी पुढे निघाले.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या अंतिम रेषेवर मी पोहोचले, तेव्हा मला २ तास ५४ मिनिटे लागली होती. पहिला आलेला धावपटू केव्हाच घरी गेला असेल. माझ्या गळ्यात पदक पडले, भावाने पाण्याची बाटली दिली आणि मी फुटपाथवर बसून बूट काढले. मग अम्मींना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पाय पाहिलेस का?”

फेब्रुवारीत मी पुन्हा रक्त तपासले. आकडा ५.८ आला. डॉक्टर खूश झाले, पण म्हणाले, “काठापासून थोड्या दूर सरकला आहात. आता इथेच थांबू नका.” हा आजार एका शर्यतीने पळून जात नाही. म्हणून मी अजूनही आठवड्यातून चार दिवस धावते आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेते.

मुलींनीही शब्द पाळला. आमचे मैदान लहान आहे. त्याच्या चौदा फेऱ्या केल्या, की एक किलोमीटर होतो. सोमवारी आणि गुरुवारी शेवटच्या तासाला मुली तिथे धावतात. दप्तरे भिंतीपाशी एका रांगेत ठेवलेली असतात, त्यांची राखण करायला कोणी बसत नाही. पहिल्या दिवशी बहुतेकींना दोन फेऱ्यांतच धाप लागली. आता काही जणी चौदाही पुऱ्या करतात. फेऱ्या मोठ्याने मोजायच्या आणि मोजणी मराठीतच करायची, असा मी नियम केला आहे. सर्व मुलींच्या फेऱ्यांची बेरीज फळ्यावर लिहितात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या आकड्यांशी पूर्वी त्या हमखास अडखळत. आता धावता धावता ते आकडे त्यांच्या तोंडून सहज निघतात.

तुमच्या शाळेचे मैदान केवढे आहे? एकदा पावलांनी मोजून पाहा. मग उद्या सकाळी एक मिनिट धावा आणि दोन मिनिटे चाला. धावताना पूर्ण वाक्य बोलता येते ना, तेवढे मात्र पाहा.